रंग दिल्याचा वास येत नसल्याबाबत

प्रति,
मा. वसाहत अधिकारी,
निवृत्त कर्मचारी वसाहत विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : निवृत्त भांडारपाल, पाणीपुरवठा खाते. राहणार : पाण्याच्या टाकीमागील वसाहत, कोपऱ्यावरचे घर.

विषय : घराला पर्यावरणपूरक रंग वारंवार देऊनही वास येत नसल्याच्या कारणाने घर न रंगवलेले ठरवल्याबाबत, व त्यामुळे अर्जदाराची पत्नी घरी परत येऊ शकत नसल्याबाबत.

संदर्भ : १) पर्यावरणपूरक रंगांविषयीचे आपले परिपत्रक व मान्य रंगांची यादी. २) सुधारित यादी. ३) सुधारित यादीतील सुधारणा. ४) आपल्या कार्यालयाच्या नोटिसा, सर्व.

महोदय,

१. सविनय निवेदन की, अर्जदार वरील घरात पत्नीसह राहतो. ‘पत्नीसह’ हा शब्द सवयीने लिहिला गेला. सध्या ती घरात नाही. ती कुठे आहे, का आहे, आणि आपण मनात आणल्यास ती परत कशी येऊ शकेल, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे. बाकी रंगाबिंगाचे अर्जदाराला आता फारसे सोयरसुतक उरलेले नाही. तरी भानगड रंगाची असल्यामुळे रंगापासून सुरुवात करणे भाग आहे.

२. वसाहतीतील सर्व घरे फिकट बदामी आहेत, हे आपणास ठाऊकच आहे. रंगवण्यापूर्वी ती फिकट बदामी असतात आणि रंगवल्यानंतरही फिकट बदामीच असतात. दुसरा रंग दिल्यास नोटीस येते. यामुळे वसाहत एकसारखी दिसते हे खरे, मात्र घर रंगवले की नाही हे नुसते बघून कळत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून आपल्या विभागाच्या रंगकाम निरीक्षकांनी फार पूर्वी एक पद्धत पाडली. ते मधल्या खोलीत येऊन उभे राहतात, खिडक्या लावून घ्यायला सांगतात, डोळे मिटतात आणि दीर्घ श्वास घेतात. रंगाचा वास आला, तर काम झाले. नाही आला, तर नाही झाले. त्यांनी ‘झाले’ म्हटले की दाखला मिळतो, आणि दाखला असला की घराचा ताबा पुढे चालू राहतो. वसाहतीत त्यांना सगळे नाकसाहेब म्हणतात. हे नाव अर्जदाराने ठेवलेले नाही, परंतु या अर्जापुरते तेच वापरले आहे.

३. नाकसाहेबांविषयी अर्जदाराची वैयक्तिक तक्रार नाही. माणूस सचोटीचा. चहासुद्धा निरीक्षण आटोपल्यावरच घेतात, कारण चहाच्या वाफेने नाक फसते असे त्यांचे म्हणणे. ऑइलपेंटच्या काळात ते नुसत्या वासावरून रंगाचा एक हात दिला की दोन, आणि रंगाऱ्याने टर्पेंटाइन ओतून रंग पातळ केला का, हे सांगत असत. रंगारी त्यांना चळाचळा कापत. काम चालू असतानाच येऊन का बघत नाही, असे अर्जदाराने त्यांना एकदा विचारले होते. त्यावर, पूर्वीच्या एका निरीक्षकांचा नवा कोट ओल्या भिंतीला लागून वाया गेल्यापासून ओल्या घरात पाऊल टाकायचे नाही असा विभागाचा आदेश आहे, असा खुलासा त्यांनी केला. कोट गेला, निरीक्षकही गेले, आदेश मात्र आहे.

४. अर्जदाराच्या पत्नीला दम्याचा जुना त्रास आहे. ऑइलपेंटचा वास आला की तिची छाती भरून येते आणि मग रात्ररात्र तिला बसून काढावी लागते. त्यामुळे घराला रंग लागायचा असला की ती धाकट्या बहिणीकडे जायची आणि वास पुरता गेल्यावर परतायची. अर्जदाराचे साडू हे आपल्याच विभागाच्या नदीपलीकडील वसाहतीत राहतात. बिनवासाचे, पर्यावरणपूरक रंग वापरावेत असे आपले परिपत्रक आले, तेव्हा वसाहतीत सर्वांत जास्त आनंद तिलाच झाला. ते तिने अर्जदाराकडून दोनदा वाचून घेतले आणि ती म्हणाली, “बघा, कुणालातरी कळलं बाई! आता मी कुठ्ठे जाणार नाही. तुम्ही रंगवा, मी अंगणात खुर्ची टाकून बघत बसते.” तरीही पहिलीच वेळ म्हणून, रंग वाळेपर्यंतच्या बोलीवर, ती एक लहान पिशवी घेऊन बहिणीकडे गेली. पिशवीत दोन जोड कपडे होते.

५. त्या वेळी रंगाच्या दुकानात पर्यावरणपूरक रंगांची एकच फळी होती. दुकानदाराने तीवरून चुन्याचा रंग काढून दिला आणि सांगितले, “काका, यानं भिंत श्वास घेते.” भिंतीच्या श्वासाशी अर्जदाराला काही कर्तव्य नव्हते, पत्नीच्या श्वासाशी होते. पण दोन्ही एकाच डब्यात मिळत असतील तर हरकत कशाला घ्या, असा विचार त्याने केला. रंगाऱ्याने दोन हात दिले. काम नामी झाले. भिंत वाळली, पाळी लागली, नाकसाहेब आले. खिडक्या लावल्या, डोळे मिटले, श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. डोळे उघडून त्यांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “मग काका, रंगाला कधी सुरुवात करताय?”

अर्जदाराने रिकामे डबे दाखवले. रंगाऱ्याच्या अंगावरचे कपडे दाखवले. शेजारच्या शिक्षिकाबाईंनी कुंपणावरून साक्ष दिली. नाकसाहेब म्हणाले, “डबे कुणीही दाखवेल हो. शेजारीपाजारीही सांभाळून घेतात. पण माझं नाक आजवर खोटं बोललेलं नाही.” शेरा पडला : रंगकाम झालेले नाही. ताब्याचे नूतनीकरण रोखावे.

६. मुदतीच्या आत पुन्हा रंगवण्याची नोटीस आली. पाठोपाठ आपली सुधारित यादीही आली. दुकानदाराने एका फळीच्या तीन केल्या होत्या. चुना आता मागे पडला, हल्ली चोखंदळ गिऱ्हाईक दुधातल्या प्रथिनांचा रंग नेते, असे त्याने सांगितले. अर्जदाराने फोन करून पत्नीचे मत घेतले. ती म्हणाली, “दुधाचा? अहो, मांजरं भिंत चाटतील!” शिक्षिकाबाईंचे मांजर आले, भिंतीजवळ बसले, परंतु चाटले नाही, ही नोंद रंगाच्या बाजूने करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. या खेपेला नाकसाहेबांना किंचित आंबूस असे काहीतरी जाणवले. त्यांचा चेहरा उजळला. भिंतीच्या कडेकडेने वास घेत ते स्वयंपाकघरापर्यंत गेले. शेरा पडला : घरात दूध नासले आहे. रंगकाम झालेले नाही. जाता जाता त्यांनी दूध दोनदा तापवावे असा सल्लाही दिला. त्याबद्दल अर्जदार त्यांचा आभारी आहे. दूध चांगले होते.

७. तिसऱ्या खेपेला मातीचा रंग दिला. त्याला ओल्या जमिनीसारखा मंद वास होता. अर्जदाराच्या जिवात जीव आला, कारण काहीतरी वास येतो आहे आणि तो छातीला लागणारा नाही, असा हा पहिलाच डबा होता. नाकसाहेबांनी श्वास घेतला आणि ते गंभीर झाले. त्यांनी मधल्या भिंतीला तळहात लावला. शेरा पडला : भिंतीत गळती आहे. दुरुस्ती शाखेने तातडीने पाहावे. रंगकाम झालेले नाही.

दुरुस्ती शाखा खरोखरच तातडीने आली, असा प्रसंग वसाहतीच्या इतिहासात दुसरा नाही. दोन इसम छिन्नी-हातोडा घेऊन आले. त्या भिंतीत नळच नाही, हे अर्जदाराने त्यांना नम्रपणे सांगितले. वसाहतीचे सर्व नळ अर्जदाराच्याच भांडारातून गेलेले असल्यामुळे ही गोष्ट त्याला ठाऊक असणे साहजिक आहे. ते म्हणाले, “काका, आम्हालापण दिसतंय. पण साहेबांचा शेरा आहे, फोडायला तर लागणार.” भिंत कमरेपासून जमिनीपर्यंत फोडण्यात आली. नळ मिळाला नाही. शाखेने ‘गळती थांबली’ असा अहवाल दिला. घरभर धूळ झाली आणि पत्नीचे परतणे पुन्हा पुढे गेले. भोक बुजवून त्यावर समुद्रातील शेवाळापासून केलेला रंग दिला. तो दुसऱ्या सुधारणेत नव्याने मान्य झाला होता आणि त्या भिंतीपुरताच पुरला.

८. इथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. पत्नी जाताना दोन जोड कपडे घेऊन गेली होती. पहिल्या शेऱ्यानंतर साडू स्कूटरवरून आले आणि तिचा दुसरा चष्मा घेऊन गेले. दुधाच्या शेऱ्यानंतर शाल आणि उशी गेली, तिला परक्या उशीवर झोप येत नाही म्हणून. गळतीनंतर गुलाबाची कुंडी गेली. ती तरी राहू द्या, पाणी मी घालतो, असे अर्जदाराने सुचवले होते. साडू म्हणाले, “तिनं निरोप दिलाय, तुम्ही पाणी जास्त घालता.” प्रत्येक खेपेला साडू अंगणात उभ्या उभ्या रंगाची हकिकत विचारून घेत आणि पोट धरून हसत. अर्जदार त्यांना सर्व सविस्तर सांगत असे, कारण दिवसभरात बोलायला दुसरे कोणी मिळत नसे.

त्यानंतर एके दिवशी साडू टेम्पो घेऊन आले आणि शिलाईचे मशीन घेऊन गेले. महोदय, चष्मा गेला तर माणूस पाहुणा म्हणून गेला आहे असे समजता येते. शिलाईचे मशीन गेले की माणूस राहायला गेला, असेच समजावे लागते. टेम्पो वळणाआड गेल्यावर अर्जदार बराच वेळ कुंपणाशी उभा होता. मशीन जिथे असायचे तिथे भिंतीला फक्त चुन्याचा एकच हात लागलेला आढळला, म्हणून रंगारी आल्यावर तेवढी भिंत भरून घेतली. दुसरे काय करायचे ते सुचले नाही.

९. चौथ्या खेपेपर्यंत दुकानदाराने पर्यावरणपूरक रंगांसाठी शेजारचा गाळा घेतला होता. तिथे जवसाच्या तेलाचे, खडूचे, भुशाचे, झाडांच्या डिंकाचे, असे एकापेक्षा एक रंग ओळीने लावलेले होते आणि सगळ्यांत फिकट बदामी मिळत होता. अर्जदार आता त्याचे मानाचे गिऱ्हाईक झाला होता. त्यामुळे दुकानदाराने काउंटरखालून एक खास डबा काढला. हा रंग हवा शुद्ध करतो, कसलाच वास ठेवत नाही, जो येईल तो शोषून घेतो, असे त्याने सांगितले. नाकसाहेबांच्या दृष्टीने हा रंग म्हणजे संकट, हे अर्जदाराला कळत होते. पण तोवर त्याचे मन बदलले होते. दाखला मिळो न मिळो, ती एकदा येऊन बघेल तर खरी, असा विचार करून त्याने तोच रंग सर्व भिंतींना आणि छताला दिला.

नाकसाहेब आले तेव्हा त्यांना सर्दी होती आणि त्यांनी कपाळाला बाम चोळलेला होता. दारात उभे असताना बामाचा वास अर्जदारालाही येत होता. मधल्या खोलीत आल्यावर थोड्या वेळाने तो येईनासा झाला. नाकसाहेबांनी कपाळाचे बोट नाकाशी नेले. पुन्हा नेले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते खुर्चीवर बसले. अर्जदाराने खात्रीसाठी एक कांदा चिरून आणला. खोलीत त्याला वासच नव्हता, अंगणात नेल्यावर मात्र दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले. नाकसाहेबांच्या डोळ्यांतले कांदा दूर ठेवल्यावरही थांबेना. ते म्हणाले, “काका, या नाकावर मी दोन मुलं शिकवली. आता घराघरांतून मी नुसताच उभा राहतो आणि काहीच येत नाही. मुलगा म्हणतो, बाबा आता घरी बसा. घरी बसून मी करू काय?” दोघांनी अंगणातच चहा घेतला. शेरा पडला : निरीक्षण होऊ शकले नाही. पुन्हा यावे.

१०. ‘पुन्हा यावे’चा दिवस ठरला. तोच दिवस अर्जदाराने पत्नीला घर दाखवण्यासाठी ठरवला, कारण नाकसाहेब दुपारनंतर येणार होते आणि ती सकाळी यायला कबूल झाली होती. अर्जदाराने पहाटेच फरशी पुसली, नवा सदरा घातला आणि तिला आणायला तो बसथांब्यावर गेला. घराची किल्ली रंगाऱ्याकडे दिली होती. हा रंगारी मनाचा फार चांगला आहे. एवढे हात देऊनही काकांना दाखला मिळत नाही, हे त्याच्या जिवाला लागले होते. अर्जदार बाहेर असताना त्याने स्वतःच्या खिशातून ऑइलपेंटचा लहान डबा आणला आणि पुढच्या दाराला आतून एक दमदार हात मारला. काका खूश होतील, असे त्याला वाटले.

अर्जदार पत्नीला रिक्षातून घेऊन आला. वाटेत ती चांगली बोलत होती. शिलाईचे मशीन परत आणायला पुन्हा टेम्पो करावा लागेल, तो साडूंच्या गळ्यात मारू, असे ठरतही आले होते. अर्जदाराने दार उघडले. तिने उंबऱ्यावर पाऊल ठेवले, श्वास घेतला आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. बोलता येईना म्हणून तिने फक्त हात हलवला आणि ती त्याच रिक्षात जाऊन बसली. रिक्षा निघताना तिने अर्जदाराकडे पाहिले. तिला वाटले असणार की आपल्याला सांगितले ते सगळे खोटेच होते. महोदय, चार शेऱ्यांनी झाले नाही ते त्या एका नजरेने झाले. अर्जदार अंगणातल्या पायरीवर बसून रडला. रंगारीही रडला. त्याला कोणी काही बोललेले नाही आणि आपणही बोलू नये, ही विनंती.

११. दुपारी नाकसाहेब आले आणि दारातच थबकले. त्यांनी डोळे मिटले. इतके समाधान अर्जदाराने फार दिवसांत कोणाच्या चेहऱ्यावर पाहिले नव्हते. “आता कसं! आता कसं घर रंगवल्यासारखं वाटतंय,” असे म्हणून त्यांनी जागच्या जागी दाखला फाडून दिला. ओल्या घरात न शिरण्याचा आदेश विसरून चहाही आत बसून घेतला.

दुसऱ्याच आठवड्यात आपल्या विभागाच्या नव्या पर्यावरण कक्षातील तरुण बाई हवा मोजण्याचे यंत्र घेऊन आल्या. यंत्र मधल्या खोलीत गप्प होते. दाराशी नेल्यावर ते ओरडू लागले. बाईंनी दाखला पाहिला, दार पाहिले आणि नियमाप्रमाणे लिहिले : घरास निषिद्ध रंग दिल्याचे सिद्ध. संपूर्ण घर खरवडून मान्य यादीतील रंगाने नव्याने रंगवावे, अन्यथा ताबा सोडावा. त्यामुळे आपल्या कार्यालयाच्या कागदांनुसार या घराला आजवर एकदाच रंग लागला आहे, आणि तोही चुकीचा. बाकीचे सर्व हात कोणत्याही टेबलावर लागलेले नाहीत.

१२. ते हात घराला मात्र लागलेले आहेत. दिव्यांची बटणे भिंतीत आत गेली असून पेन्सिलीच्या टोकाने दाबावी लागतात. मागची खिडकी बंद होत नाही. कपाट सरकवले तेव्हा परत जागेवर बसेना, कारण जागा कमी झाली आहे. हे सर्व सोसण्यासारखे आहे. न सोसण्यासारखी गोष्ट एकच. घरात कसला म्हणून वास नाही आणि कोणी म्हणून नाही. अर्जदार स्वयंपाक करतो, तर करपल्याचेही कळत नाही. घर खायला उठते. अर्जदाराला एकटे राहायची सवय नाही आणि या वयात ती लावून घ्यायची इच्छाही नाही.

१३. सबब विनंती की, घर खरवडण्याचा आदेश रद्द व्हावा. खरवडल्यास धूळ होईल आणि धुळीत ती येणार नाही. नाक आणि यंत्र यांच्यात एकमत होत नसेल, तर तिसरे साधन अर्जदार सुचवू इच्छितो. आपण स्वतः यावे. अर्जदाराच्या पत्नीला मधल्या खोलीत खुर्चीवर बसवावे. ती अवघडल्याशिवाय श्वास घेऊ शकली, तर रंग पर्यावरणपूरक आहे आणि तो दिलेलाही आहे असे मानावे. नाही घेऊ शकली, तर अर्जदार ताबा सोडून नदीपलीकडे कुठेतरी खोली बघेल. हे सर्व परिपत्रक माणसांना घरात नीट श्वास घेता यावा म्हणूनच काढले आहे, असे त्याच्या पहिल्याच ओळीत आपण म्हटले आहे. फक्त या परीक्षेला तिला यायला तयार कसे करावे, हे अर्जदाराला कळत नाही. ती फोन घेत नाही. आपल्या कार्यालयाच्या शिक्क्याचे एखादे पत्र तिला गेल्यास कदाचित

१४. मागील परिच्छेद अर्धा राहिला आहे. तो पुरा करण्याची आता आवश्यकता नाही. अर्ज इथवर आला असताना फाटकाशी रिक्षा थांबली आणि अर्जदाराची पत्नी पिशवी घेऊन उतरली. पिशवीत काय आहे ते विचारलेले नाही. हकिकत अशी की, नदीपलीकडच्या वसाहतीतही रंगकामाची पाळी आली. अर्जदाराचे साडू हुशार आहेत. कोपऱ्यावरच्या घराची कथा त्यांना पाठ असल्यामुळे त्यांनी पर्यावरणपूरक रंगाच्या वाटेलाच न जाता, नाकसाहेब एका श्वासात ‘झाले’ म्हणतील असा, बाजारातला सर्वांत उग्र ऑइलपेंट आणून सगळ्या घराला फासला. त्यांना दाखला मिळाला. अर्जदाराच्या पत्नीला तिथे धड श्वास घेता येईना. आजूबाजूच्या सर्व घरांनीही साडूंचे पाहून तेच केले आहे. आमच्या दाराची खरी हकिकत साडूंनी तिला तोवर सांगितली होती. रिक्षात बसल्यावर कुठे जायचे असे रिक्षावाल्याने विचारले, तेव्हा या दोन्ही वसाहती मिळून जिथे छातीला लागेल असा रंग नाही, अशी एकच जागा तिला आठवली.

ती दारात थांबली. ऑइलपेंटचे ते दार अर्जदाराने यंत्रवाल्या बाई येऊन गेल्या त्याच दिवशी बिजागऱ्यांतून काढून कुंपणाबाहेर उभे करून ठेवले आहे, तिथे आता चादर लावलेली आहे. तिने चादर बाजूला केली. अगदी थोडासा श्वास घेतला, मग थोडा जास्त, मग पूर्ण घेतला. मधल्या खोलीत येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “अहो, खरंच काही येत नाही हो.” मग तिने भिंतींकडे पाहिले, बटणांकडे पाहिले आणि विचारले, “किती रंग दिलात?” अर्जदाराने हिशेब सांगितला नाही. ती म्हणाली, “बास आता.” मग ती आडवी झाली. तिकडे बऱ्याच रात्री बसून काढल्या होत्या, असे झोप लागता लागता तिने सांगितले.

१५. सबब परिच्छेद १३ मधील सर्व विनंत्या अर्जदार मागे घेत आहे. आपल्या नोंदीत जे आहे तेच खरे, असे तो लेखी मान्य करतो. या घराला रंग दिलेला नाही. पूर्वी दिलेला नाही आणि यापुढे दिला जाणार नाही. खरवडलेही जाणार नाही. मिळालेला दाखला सोबत परत जोडला आहे. ताब्याबाबत आपण जो निर्णय घ्याल तो पोस्टाने कळवावा. प्रत्यक्ष कोणी यायचे असल्यास, वाजवायला दार नाही. अर्जदार उंबऱ्यावरच बसलेला असेल. जे काही असेल ते खुणेने सांगावे आणि आवाज करू नये. ती झोपली आहे आणि तिचा श्वास इथपर्यंत ऐकू येतो आहे.

आपला, अजूनही नम्र,
(सही)
निवृत्त भांडारपाल,
कोपऱ्यावरचे घर.

दिनांक : आपल्या आवक शिक्क्याचा पडेल तो. अर्जदार सध्या घर सोडून टपालपेटीपर्यंत जाऊ इच्छित नसल्यामुळे अर्ज रंगाऱ्याबरोबर पाठवला आहे.

सोबत : रंगकाम पूर्ण झाल्याचा दाखला, मूळ प्रत, एक.